रेकॉर्डवरचे लाल बाण

आबांच्या जॅझच्या रेकॉर्ड विकत घ्यायला आलेला व्यापारी आमच्याच पंख्याखाली बसून, माझ्याच हातचा चहा पीत म्हणाला, "बेन, माल तो बहुत खराब रखा है." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजही आठवलं की जाते.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं सुरतेत, पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात लूमवर होते आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. वरातीत लोकांना हवी ती गाणी वाजवायची आणि घरी येऊन जॅझ ऐकायचं. शब्द नाहीत, कुणाची फर्माईश नाही, नुसतं वाद्य, म्हणून त्यांना ते आवडायचं. जुन्या बाजारातून एकेक करत त्यांनी सत्तरेक रेकॉर्ड जमवल्या. हात लावायचा तर धुऊन, पुसून, आणि रेकॉर्ड धरायची ती फक्त कडेनं. लहानपणी मी एकीवर बोट टेकवलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. असा माणूस एका रविवारी उठून म्हणाला, "इकी टाकूत. आते काय करनं शे ठेईसन?"

विकून टाकायच्या! मी भांडले. कारण विचारलं तर खिडकीबाहेर बघत बसले. भावानं लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर व्यापारी शोधला, त्याला कपाट रिकामं हवंच होतं. शेवटी मी एकाच गोष्टीवर अडून बसले. जायच्या तर जाऊ देत, पण आबांनी जीव लावून जपलेल्या मालाला कुणी हलकं म्हणता कामा नये.

आणि तिथंच मी माती खाल्ली.

मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कापड तपासते. उजेडाच्या टेबलावरून कापडाचा ताका सरकत जातो. डाग, गाठ, तुटका धागा दिसला की त्या जागी काठाला लाल बाणाचं स्टिकर लावायचं. दोष आपणहून दाखवला तर माल घेणारी पार्टी बाकीच्या कापडावर विश्वास ठेवते, लपवला तर अख्खा लॉट परत येतो. इतक्या वर्षांत माझा एक ताका परत आलेला नाही. तेव्हा व्यापारी यायच्या आदल्या दिवशी मी सगळ्या रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरप्या धरून पाहिल्या. जिथं चरा दिसला तिथं त्या रेकॉर्डच्या कव्हरवर, बरोबर त्याच बाजूला, बाण चिकटवला. मनात म्हटलं, माणूस बघेल आणि म्हणेल, घर सच्चं आहे.

त्यानं काय केलं? बाण मोजले. बाणवाली एकही रेकॉर्ड बाहेर काढायची तसदी घेतली नाही. एक बाण असला की "गुड", दोन असले की "फेअर". या धंद्यात गुड म्हणजे चांगलं नव्हे, भंगाराच्या जरा वरचं. ज्यांना एकही बाण नव्हता त्या मात्र साहेबांनी काढून मोबाइलच्या उजेडात दहा-दहा मिनिटं निरखल्या, मी काही लपवलंय का ते बघायला. वर मलाच ऐकवलं, "आपने ही तो बताया, बेन."

मी चिडून एक स्टिकर ओढलं. कापडावरून ते अलगद निघतं. जुन्या पुठ्ठ्यावरून ते छापील चित्राची साल घेऊन आलं आणि वादकाचा अर्धा चेहरा माझ्या बोटाला चिकटला.

"अब कवर भी गया," व्यापारी म्हणाला.

"ताई, तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" हा माझा भाऊ.

दोघांनाही धरून जिन्यावरून खाली ढकलावं असं वाटलं, आणि त्याआधी स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात. आबा खुर्चीत बसून नुसते आमच्या तोंडांकडे बघत होते. माल त्यांचा, अपमान त्यांचा, आणि संतापायचं मी एकटीनं! त्यांचाही मला राग आला.

"डोळ्यांनी कसला दर्जा ठरवता? वाजवून बघा," मी म्हणाले. वाजवून कुणी घेत नाही, सगळे बघूनच घेतात, असं काहीतरी तो सांगत होता. मी ऐकलंच नाही. फाटलेल्या कव्हरमधली रेकॉर्ड काढली. आबा जिच्यावरून अख्खा सोलो शिकले होते तीच ती. चरा वरवरचा आहे, आवाजाला काही झालेलं नाही, याची मला खात्री होती. अलीकडे मी कामावरून यायच्या आतच त्यांचं ऐकणं उरकलेलं असायचं, पण रोज ऐकतात हे मला ठाऊक होतं. आता आबाच सांगतील, त्या कानापुढे हा कोण टिकोजीराव?

सुई टेकवली. चार सूर बरे गेले. मग टक्क. परत टक्क. सुई चऱ्यात अडकली आणि सॅक्सोफोनचा तोच तुकडा उचकी लागल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजायला लागला. व्यापारी हसू दाबत होता. मी आबांकडे वळले. त्यांनी डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांची बोटं गुडघ्यावर चालत होती.

"देखो," आबा त्याला म्हणाले, "साफ शे. एकदम साफ."

व्यापाऱ्याचं हसू गेलं. बिचारा, अशा नजरेनं त्यानं आबांकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा मला त्याच्या सगळ्या गुड-फेअरपेक्षा जास्त संताप आला. त्याहून जास्त आला तो स्वतःचा. कापडातला तुटका धागा मला चालत्या टेबलावर दिसतो, आणि या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते, लक्ष कुठं असतं तुमचं, म्हणून मी वर्षभर त्यांच्यावर खेकसत होते.

भावानं प्लेअर बंद करायला हात पुढं केला. मी तो झटकला. रेकॉर्ड एकाच जागी अडकून पडली होती, पण आबांची बोटं पुढं गेली होती. भराभर चालली, एका सुरावर लांब थांबली, पुन्हा चालायला लागली. सोलो पुरा होऊन ती बोटं आपोआप थांबेपर्यंत मी सुई उचलली नाही.