ब्रेकमधली हवा

माझ्या जुन्या जीपला नागपुरात नवे डिस्क ब्रेक बसवले, तरी पेडल पोकळच लागायचं. लाखांदूरच्या मिस्त्रीनं चाकाशी वाकून पाहिलं.

“हवा वरतं चढते न भाऊ, अन् हवेचा नट खालतं करून ठेवला त्याईनं!”

त्यानं डाव्या चाकाचा ब्रेक उजवीकडं आणि उजव्याचा डावीकडं लावला, तसे नट वर आले. हवा काढायला दोन माणसं लागतात: एक पेडल दाबायला, एक नट सोडायला-आवळायला. हा एकटाच. एरवी पेडलला काठी टेकवतो आणि तरी रिकाम्या गाडीला ओरडून सांगतो, “दाबा... सोडा.”

आज आत मी होतो. चौथ्याच वेळी पेडल दगडासारखं लागलं.

“झालं ना?”

“आणखीन एक डाव दाबा.”

असं बरंच चाललं. शेवटी मी दारातून वाकलो. नट आवळलेला, हात पुसलेले, तो चाकापाशी नुसताच बसला होता.

“दाबा,” तो म्हणाला.

मी दाबलं.