साळव्यांच्या गाद्या आणि सोनलचं कपाट

मी साळव्यांच्या हॉलच्या मधोमध गुडघ्यांवर बसून फरशीला चिकटपट्टी लावत होते, तेव्हा बेल वाजली. दारात शेजारच्या आंटी उभ्या होत्या. मूळच्या वसईच्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्या मागे, दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये, कापसाच्या गाद्यांचा भलामोठा ढीग होता.

“प्रशिकची आई, तुमच्या गाद्या घ्या हां,” आंटी म्हणाल्या. “माझी बहीण उद्या पोरांना घेऊन येतेय. तिला कुठे झोपवू?”

मी साळवे काकूंकडे बघितलं. काकूंनी फरशीकडे बघितलं. काकांना नेमकं तेव्हाच खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. ह्या गाद्या कोणाच्या, असं मी विचारलं तर काकू हळूच म्हणाल्या, आमच्याच.

मी इंटिरियर डिझायनर आहे. ऑफिस ठाण्यात, राहायला डोंबिवलीत, आणि कामं बहुतेक कल्याणच्या आसपासच्या जुन्या बिल्डिंगांमधली. मासिकांत फोटो येतात तसली घरं माझ्या वाट्याला येत नाहीत. बिल्डर माळा काढायला विसरलेला आणि माणसं काहीही टाकून द्यायला विसरलेली, अशी घरं येतात. लोक मला सोफ्याचा रंग विचारत नाहीत. गव्हाचं पिंप कुठे ठेवायचं ते विचारतात.

विठ्ठलवाडीचं साळव्यांचं घर त्यातलंच. नावाला टू बीएचके. एक हॉल, दोन लहान खोल्या आणि स्वयंपाकघर. अख्ख्या घरात कपाट एक, तेही लोखंडी, काकूंच्या लग्नातलं. काका खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. काकू शाळेत शिकवायच्या. एकुलता एक मुलगा प्रशिक, त्याचं लग्न सोनल नावाच्या मुलीशी ठरलेलं.

मला पहिला फोन प्रशिकचा आला. सोनलची अट एकच होती. एक कपाट, तिचं एकटीचं, आणि त्याची किल्ली तिच्याकडे. ते झालं नाही तर दोघं बदलापूरला भाड्याने राहणार होते. त्याने एक घरही बघून ठेवलं होतं. “आईला बोलू नका मॅडम,” तो म्हणाला. “मी अजून सांगितलेलं नाही.” दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन. सून ह्याच घरात नांदली पाहिजे, बाकी भिंती पाडायच्या तर पाडा, पण प्रशिकला बोलू नका, त्याला वाटेल आई मागे लागते. म्हणजे मायलेकांचं म्हणणं एकच होतं आणि दोघं ते एकमेकांऐवजी मला सांगत होते. ह्या गोष्टीचे मी वेगळे पैसे लावत नाही.

पहिल्या भेटीला गेले तर घर लख्ख. स्वयंपाकघराचा ओटा रिकामा, पलंगाखाली काही नाही. पिशव्यांनी भरलेली एक पिशवी प्रत्येक मराठी घरात दाराच्या मागे लटकत असते, तीसुद्धा दिसली नाही. फक्त काकांचे नटबोल्टचे डबे होते, बिस्किटांच्या जुन्या डब्यांतले, आणि एका भंगारात गेलेल्या बसचा भोंगा. हे कशाला ठेवलंय, असं विचारलं तर काका म्हणाले, लागेल कधीतरी. अर्ध्या महाराष्ट्राचं सामान ह्या दोन शब्दांवर टिकून आहे.

मुलांसाठी, म्हणजे प्रशिक आणि सोनलसाठी, ठरलेल्या खोलीत एक लांब भिंत अगदी मोकळी होती. तिचा खालचा अर्धा रंग नवाकोरा आणि वरचा अर्धा उडालेला. मला वाटलं, ओल आली असेल आणि खालच्या बाजूला पुन्हा रंग काढला असेल. इतक्या वर्षांचा अनुभव असून मी त्या भिंतीचं कौतुक केलं आणि सोनलचं कपाट इथेच, असं जाहीर करून टाकलं. काकूंनी पटकन चहा आणला.

मग मी लेआउट काढला. लेआउट म्हणजे वरून बघितल्यावर घरात काय कुठे दिसेल त्याचं चित्र. हॉलमध्ये हायड्रॉलिक दिवाण ठेवला. ह्याची वरची फळी दट्ट्यांच्या जोरावर अलगद उचलली जाते आणि आत छोटी खोली मावेल एवढी जागा असते. समोर छतापर्यंत जाणारं उंच कपाट, दाराजवळ बसायची पेटी, तिच्यात चपला. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी जी चार बोटं जागा फुकट जाते, तिथे चपटे ड्रॉवर. काकांचे नटबोल्ट त्यात. हॉलच्या मधल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. ती भिंत सोडून बोला, असं काकांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तिला हात लावला नाही. बाकी एकही कोपरा मी रिकामा ठेवला नाही. खरं सांगायचं तर त्या लेआउटवर मी खूश होते.

कागदावरचा लेआउट कोणालाही आवडतो, कारण कागदावर कोणाचा गुडघा आपटत नाही. म्हणून सुताराला लाकूड कापायला सांगण्याआधी मी फरशीवर चिकटपट्टीने सगळं फर्निचर आखते आणि घरच्यांना त्यातून चालायला लावते. त्या दिवशी तेच चाललं होतं. सोनललाही मुद्दाम बोलावलेलं. कल्याणजवळच्या मोहन्याची मुलगी, बँकेत नोकरी, बोलणं मोजकं. आणि तेव्हा त्या गाद्या दारात आल्या.

आता उलगडा झाला. मी येणार म्हणून काकूंनी ढीगच्या ढीग शेजारी नेऊन ठेवला होता. इतकं सामान बघून बाई म्हणतील, ह्या घरात काही होणार नाही, आणि निघून जातील, अशी त्यांना भीती वाटली. डॉक्टरकडे जाण्याआधी ताप उतरवून जावं, तसला प्रकार. आणि ज्या भिंतीचं मी कौतुक केलं होतं ती एरवी ह्या गाद्यांच्या मागे असायची. खालचा रंग टिकला होता तो त्यांच्यामुळेच.

मला हसू आलं आणि रागही आला. पण गाद्या मोजून मापून घेतल्यावर माझा जीव भांड्यात पडला. माझ्या दिवाणाच्या पोटात त्या सगळ्या बसत होत्या. मी हे अभिमानाने सांगितलं. काकूंचा चेहराही खुलला. मग त्यांनी, शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तशा सुरात, एक साधा प्रश्न विचारला.

“आणि मॅडम, बाहेर काढल्यावर अंथरायच्या कुठे?”

गाद्या होत्या कशासाठी ते तेव्हा कळलं. दर डिसेंबरला काकांचे हिंगोलीकडचे नातेवाईक आणि गावातली माणसं सहा तारखेला चैत्यभूमीला जाण्यासाठी येतात. आदल्या दिवशी कल्याणला उतरतात, ह्या घरात जेवतात, ह्या घरात झोपतात आणि पहाटे दादरला निघतात. आत्या, काका, त्यांची लेकरं, त्यांच्या शेजारची म्हातारी.

काकांनी एक गादी पसरली. ती माझ्या आखलेल्या दिवाणाच्या अंगावर गेली. दुसरी उंच कपाटात घुसली. मग काका स्वतःच आडवे झाले, मला पटावं म्हणून. डोकं दिवाणात आणि पाय चपलांच्या पेटीत. तिथूनच त्यांनी मला विचारलं, की आमच्या आक्काची उंची माझ्यापेक्षा जास्त आहे, तिचे पाय कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

गाद्या ठेवायला मी उत्तम जागा केली होती आणि ती करताना गाद्या घालायची जागा खाऊन टाकली होती. ह्या धंद्यातली ही नेहमीची खोड. आम्हाला रिकामी फरशी दिसली की ती वाया चालली आहे असं वाटतं.

मी बाजू सावरायला म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, जवळपास एखादा हॉल घेता येईल. काका उठून बसले. आवाज न चढवता म्हणाले, की ते डेपोत नोकरीला लागले तेव्हा कल्याणमध्ये एका ओळखीच्या माणसाच्या घरी असेच जमिनीवर झोपले होते, आणि तेव्हा त्या माणसाने त्यांना हॉल दाखवला नव्हता. “आमच्या गावचा माणूस निर्धास्त निघतो मॅडम. कशामुळे? तर कल्याणला साळव्यांचं घर आहे.”

प्रशिक अस्वस्थ झाला. मग गाद्या परत त्याच भिंतीला लागणार का, आणि सोनलचं कपाट कुठे, असं त्याने विचारलं. आणि त्याच दमात त्याच्या तोंडून निघून गेलं, “म्हणूनच मी बदलापूरचं बघून आलेलो.”

काकूंना हे पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते, आणि म्हणाल्या, “गाद्या देऊन टाका. पोरं इथे राहू देत.”

काका उठून बाल्कनीत गेले. मला फार वाईट वाटलं. गाद्या देणं म्हणजे दर वर्षीच्या त्या माणसांना येऊ नका म्हणणं, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं. मी एका कपाटासाठी आलेली बाई, आणि माझ्या चिकटपट्टीवरून ह्या घराचे दोन तुकडे व्हायला निघाले होते.

आंटींच्या दारातून आत आणलेल्या गाद्या बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीशी रचल्या होत्या, त्यांच्यावर सोनल बसली होती. दुसरीकडे बसणार कुठे? सगळीकडे चिकटपट्टी, आणि आखलेल्या कपाटात बसायला कोणी धजत नव्हतं.

“काकू, गाद्या देऊ नका,” ती म्हणाली. “आमच्याकडे चाळीत आम्हा चार बहिणींत एक ट्रंक होती. माझा ड्रेस मी शोधेपर्यंत दुसरी कोणीतरी घालून गेलेली असायची. म्हणून मला कपाट हवंय. घर रिकामं करून नकोय. माणसं येणार नसतील तर एवढं मोठं कपाट उघडून मी दाखवू कोणाला?”

काकू हसल्या आणि डोळे पुसले. मी मात्र सोनलच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. ती कशावर बसली होती ते बघत होते. ढिगाची उंची बरोबर सोफ्याएवढी होती. पाठ भिंतीला टेकलेली, पाय जमिनीला लागलेले. गाद्या ठेवायला जागा शोधायचीच कशाला? त्यांच्यावर बसायचं.

मी तिथल्या तिथे हॉलमधली सगळी चिकटपट्टी उपटली. दिवाण गेला, उंच कपाट गेलं, चपलांची पेटी गेली. फोटोखाली भिंतीला बिजागऱ्यांवर एक ठेंगणा बाक लावायचा, त्याच्यावर गाद्या एकसारख्या खोळी घालून रचायच्या. झाला सोफा. पांघरुणं आणि गोधड्या गुंडाळून लोडांच्या अभ्र्यांत भरायच्या, म्हणजे टेकायला लोड. डिसेंबरला गाद्या उतरवायच्या, बाक वर दुमडून भिंतीला लावायचा, की अख्खी फरशी मोकळी. आणि मुलांच्या खोलीतली भिंत सोनलची. जे सामान फरशीवरून उठलं ते दारांच्या चौकटींच्या वर, खोलीभर फिरणाऱ्या फळीवर. तिथे कोणी झोपत नाही. भिंतीला हात लागत होता, तरी फोटो तिथेच राहणार आणि त्याच्याखाली माणसं बसणार म्हटल्यावर काकांनी परवानगी दिली.

ते बाल्कनीतून आत येऊन सगळं ऐकत होते. मी थांबल्यावर ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे मॅडम, एवढं शिकून शेवटी तुम्ही गादीची बैठकच घातली.”

हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हटलं, पण बिजागऱ्या माझ्या आहेत. काका म्हणाले, बिजागऱ्यांना स्क्रू लागतील, ते माझ्या डब्यात आहेत. बघा, लागले की नाही कधीतरी.

लग्न उन्हाळ्यात झालं. बदलापूरचं घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं. डिसेंबरात मला जेवायला बोलावणं आलं म्हणून पाच तारखेला संध्याकाळी गेले. सोफा नावाची वस्तू घरात नव्हती. त्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या आणि गाद्यांवर हिंगोली. आक्का खरंच उंच होत्या आणि त्यांचे पाय कुठल्याही ड्रॉवरमध्ये नव्हते. त्यांना मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला लोडाला टेकून बसायला लावलं. लोड नुसती खोळ होऊन लोंबत होता, आतली गोधडी आक्कांच्याच अंगावर होती.

सोनलने मला तिचं कपाट दाखवायला आत नेलं. किल्ली कमरेला लावलेल्या जुडग्यात होती. तिने ऐटीत दार उघडलं. वरच्या कप्प्यात तिच्या साड्या आणि ड्रेस, नीट घड्या घातलेले. खालचे सगळे कप्पे पाहुण्यांच्या पिशव्यांनी गच्च, एका पिशवीतून भाकऱ्यांचं गाठोडं डोकावत होतं. मी तिच्याकडे बघितलं.

“आजच्या दिवस,” ती म्हणाली. “आणि किल्ली माझ्याकडेच आहे ना. आता आत्यांना पेस्ट हवी असली तरी मलाच विचारावं लागतं.”

बाहेर काकू वाढत होत्या आणि सोनलची हाक ऐकू आली की लगेच वळून बघत होत्या. काकूंना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून नव्या कामाच्या पहिल्या भेटीआधी मी फोन करून बजावते, घर आवरू नका, आहे तसं दाखवा. हो हो म्हणतात आणि आवरतातच. म्हणून आता मी क्लायंटच्या मजल्यावर पोचले की आधी शेजारच्या दाराची बेल वाजवते.