पळस्प्याचा फाटा आणि मामांची डबल बेल

उद्या जगबुडी झाली आणि एखाद्या फळकुटाला धरून तरंगताना माझ्या बायकोचे मामा मला भेटले, तर ते पहिलं वाक्य काय म्हणतील हे मी आजच लिहून देतो: "बरं झालं जावईबापू, सुकापूरला पाण्याच्या टँकरची कटकट मिटली." ‘बरं झालं’ या दोन शब्दांवर या माणसाने सत्तर वर्षं काढली आहेत. मामांचं लग्नाचं राहून गेलं, त्यावर ते म्हणतात, बरं झालं, त्या बाईला कुणीतरी बरा नवरा मिळाला असेल. इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागले, तर बरं झालं, तिसऱ्या मजल्यावरचे लोक कसे दिसतात ते आज कळलं. एकदा त्यांची कवळी आमच्याच घरी, माझ्याच पायाखाली येऊन मोडली. मी ओशाळून उभा, आणि मामा बोळक्या तोंडाने मलाच समजावतायत की बरं झालं, तुमच्या तळपायाला लागलं नाही.

मामा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी पनवेल डेपोत. नोकरी संपली, पण कंडक्टर काही अंगातून उतरला नाही. आमच्या गाडीत ते मागच्या सीटवर डाव्या खिडकीशीच बसतात, बसल्यावर माणसं मोजतात, कानामागची पेन्सिल चाचपतात आणि जिभेने टाळूवर दोनदा "टिंग, टिंग" करतात. ही डबल बेल. ती झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. थांबायचं असेल तर एकच टिंग. सुरुवातीला मला हे पोरकट वाटायचं. मग एकदा मी डबल बेलच्या आधीच गाडी काढली आणि माझी बायको पेट्रोल पंपावरच राहिली. तेव्हापासून मी त्यांच्या जिभेला मानतो.

आता मी ज्या भाऊबीजेबद्दल सांगणार आहे, तिच्यात मामांचा काहीही दोष नव्हता. सगळा माझा होता, आणि तो मी तेव्हा कुणालाही दिसू दिला नाही असा माझा समज होता.

माझ्या सासूबाई म्हणजे मामांची मोठी बहीण, त्यांची अक्का. त्या महाडच्या पुढे एका गावात एकट्याच राहायच्या. एकुलती मुलगी, म्हणजे माझी बायको, पनवेलला आणि एकुलता भाऊ जवळच सुकापूरला. मामा दर भाऊबीजेला न चुकता अक्काकडे जायचे. त्यांनी ओवाळून घेतल्याशिवाय ती बाई दिवसभर तोंडात घास घालायची नाही. त्या वर्षी तिचं हृदयाचं दुखणं वाढलं होतं, डॉक्टरांनी वेळेवर खायला बजावलं होतं, पण तिने निरोप पाठवला, भाऊ दुपारपर्यंत येतोच, तोवर कळ काढीन. मी म्हटलं, मामांनी एसटीने का जावं, मी नवी गाडी घेतलीय, सगळेच जाऊ. अकराच्या सुमारास कोलाड, दीडला अक्काच्या पाटावर. हे मी छाती पुढे काढून म्हटलं होतं.

सकाळी फराळाचे डबे डिकीत मावेनात. मी हुशारी करून स्टेपनी काढली आणि घरी गॅलरीत ठेवली. नव्या गाडीचे टायर नवे असतात, अशी माझी विचारसरणी. डबल बेल झाली, निघालो. पळस्प्याच्या फाट्यावर महाडला नेणारा गोव्याचा रस्ता उजवीकडे फुटतो, हे पनवेलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सातवीतली आमची कन्या मोबाइल बघून म्हणालीही की पप्पा, उजवीकडे दाखवतंय. मी म्हणालो, पनवेलचा माणूस पळस्प्याला फोनला रस्ता विचारत नाही. आणि सरळ पुण्याच्या दिशेने गेलो. कारण मी त्या वेळी एक गोष्ट सांगत होतो. माझ्या ऑफिसातला एक जण वाशीच्या पुलावर रस्ता चुकून कसा ठाण्याला पोचला, त्याची. मी ती हातवारे करून सांगत होतो आणि मामा मान डोलावत हसत होते.

खोपोलीची पाटी दिसली तेव्हा माझी गोष्ट संपली. मामाच पुढे झाले. "बरं झालं. आता मागे नका वळू. खोपोलीहून पालीमार्गे वाकणला गोवा रस्ता लागतो. वाटेत गणपतीला गाडीतूनच हात जोडू."

गाडीतूनच, असं ते म्हणाले होते. पण चूक केलेल्या माणसाला भक्ती फार सुचते. मी म्हणालो, छे, एवढ्या जवळ आलोय तर दर्शन घेऊनच जाऊ. दिवाळीच्या सुट्टीत पालीची रांग काय असते हे मी तिच्यात उभं राहून शिकलो. बाहेर पडलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मामांनी अक्काला फोन लावून तू थोडं खाऊन घे म्हणून विनवलं. ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण मामांनी फोन खिशात ठेवला आणि पेन्सिल चाचपली.

कोलाडच्या पुढे टायर बसला. स्टेपनी पनवेलच्या गॅलरीत आराम करत होती. रस्त्याकडेला बसलेल्या एका म्हाताऱ्याला पंक्चरचं दुकान विचारलं, तर तो म्हणाला, "दुकान हाय, पन मानूस नाय. भैनीकडं गेलाय, भाऊबीज हाय ना." सगळ्या रायगड जिल्ह्यात वेळेवर बहिणीकडे पोचलेला तो एकच भाऊ मला त्या दिवशी भेटायला हवा होता. शेवटी कुणाच्या तरी टेम्पोत चाक टाकून मी माणगावला गेलो. परत आलो तेव्हा दिवस मावळला होता.

आमच्याकडे भाऊ आला नाही तर बहीण चंद्राला ओवाळते. बिजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर, तासाभरात मावळणारी. ओवाळायचं ते तेवढ्यात. मी चाक घेऊन उतरलो तर मामा रस्त्याच्या कडेला पश्चिमेकडे तोंड करून उभे. डोक्यावर रुमाल टाकलेला, पाटावर बसताना टाकतात तसा. झाडांच्या वर ती कोर होती.

"आता अक्का त्याला ओवाळत असेल," ते म्हणाले. "बरं झालं. तो तरी रस्ता चुकला नाही."

आयुष्यात त्यांनी मला मारलेला हा एकच टोमणा. तोही चंद्राची स्तुती म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारणीने दार उघडलं. अक्कांनी चंद्राला ओवाळून दोन घास खाल्ले आणि गोळी घेऊन त्या झोपल्या होत्या. बायको उठवायला निघाली, तर मामांनी हात धरला. म्हणाले, तिला झोप लागत नव्हती, आज लागलीय. सकाळी सासूबाई मला बघून हसल्या, रस्त्याचं कुणी काढलं नाही. भावाला म्हणाल्या, "तिथी गेली रे. पुढच्या वर्षी दोनदा ओवाळीन." मामा म्हणाले, चालेल. श्रावणात त्या गेल्या.

यंदाच्या भाऊबीजेला संध्याकाळी मी सुकापूरला गेलो, तर मामा गच्चीत रुमाल डोक्यावर टाकून इकडून तिकडे फिरत होते. समोरच्या तीन नव्या इमारतींनी पश्चिम बुजवून टाकलीय. मी म्हटलं, चला मामा. ते डाव्या खिडकीशी बसले, डबल बेल झाली, आणि आम्ही गावाबाहेर नेऱ्याच्या बाजूला गेलो. शेतं लागली तशी एक टिंग ऐकू आली. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. डोंगर पाठीशी होते, पनवेलच्या दिव्यांच्या वर कोर होती. ते उतरले नाहीत, काच खाली करून बघत राहिले.

मी वर्षभर पोटात ठेवलेलं विचारलं. "मामा, त्या दिवशी पळस्प्याला तुमच्या लक्षात आलं होतं?"

"त्या फाट्यावर तीस वर्षं घंटी मारलीय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रंगात आला होतात. चारचौघात जावयाला कसं थांबवायचं? म्हटलं, गोष्ट संपली की सांगू." त्यांनी कानामागची पेन्सिल चाचपली. "तुमची गोष्ट खोपोलीपर्यंत संपली नाही."

आता ते ‘बरं झालं’ म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. लिफ्ट बंद पडो, कवळी मोडो, लग्न राहून जावो, ते शब्द कधी चुकले नव्हते. या वेळी ते आले नाहीत. कोर पार खाली उतरली, एका इमारतीच्या मागे गेली, तरी मामांनी रुमाल काढला नाही.

मागून डबल बेल होईपर्यंत गाडी हलवायची नसते. मी किल्लीला हात लावला नाही.