पूर्णगडच्या गाडीची चिठ्ठी

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. आज तुमच्याजवळ का बोलतेय? ठाऊक नाही. कंटाळा आला एकटीने ते सांभाळण्याचा, एवढंच म्हणा. गोष्ट माझ्या नोकरीची आहे, आणि नोकरी तर मला मिळाली. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग रडगाणं कसलं?

पंच्याऐंशीच्या आसपासचं साल. रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत टंकलेखकाची जागा निघाली होती. एकच जागा. कचेरीचं नाव सांगत नाही. तेव्हा परीक्षेला टाइपरायटर ज्याचा त्याने न्यायचा. टायपिंग क्लासच्या सरांच्या हातापाया पडून मशीन मागायचं, जुन्या चादरीत गाठोडं बांधायचं आणि कचेरीच्या बाकावर मांडीवर घेऊन बसायचं.

पहिलं बोलावणं आलं ते तारीख उलटून गेल्यावर. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा आम्ही सगळ्याजणी मराठी मशीनं घेऊन हजर — तर म्हणे इंग्रजी हवं होतं. पत्रात कुठे लिहिलं होतं तसं? विचारलं तर शिपाई आमच्यावरच खेकसला. दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं आणि सांगितलं, पुढल्या सोमवारी या. घरी येऊन मी अंग टाकलं आणि रडले. रागाने नाही, नुसती दमून.

बाकावर माझ्या शेजारी झुबेदा असायची. ती पूर्णगडची. मी रत्नागिरीतलीच, मांडवीची, मशीन भावाच्या सायकलवर टाकून आणायची. ती एसटीतून, मशीन मांडीवर घेऊन. वडील आधी बोटीवर होते, आता पाय मोडून घरी बसलेले, आणि मागे दोन धाकट्या बहिणी. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी जलद चाले — हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पुढल्या महिन्यात तिचं वय नोकरीच्या अटीबाहेर जाणार होतं. माझ्या हातात अजून पाच वर्षं होती. हे सगळं बाकावर बसल्या बसल्या तिनेच मला सांगितलेलं.

त्या दिवशी निघताना ती म्हणाली, "ह्यांचा काय भरवसा नाय गो. तू गावातच हायस, कचेरीच्या फळ्यावर नजर ठेव. काय बदललं तर मामांकडे चिठ्ठी दे."

मामा म्हणजे पूर्णगडच्या मुक्कामाच्या गाडीचे ड्रायव्हर, धोंडूमामा. गावाची औषधं, चष्मे, निरोपाच्या चिठ्ठ्या, सगळं त्यांच्या हाती जायचं. टपालाला चार दिवस लागत, मामांची गाडी त्याच संध्याकाळी पोचे.

आणि बदललंच. मंगळवारी बाजारातून येताना मी फळा पाहिला. साहेब रजेवर जाणार, म्हणून परीक्षा आणि मुलाखत सोमवारऐवजी याच गुरुवारी. पत्रं टाकलीत, असं आतला कारकून म्हणाला. ती कधी पोचायची, ते त्यालाही ठाऊक होतं नि मलाही.

मी चिठ्ठी लिहिली. खरंच लिहिली. 'गुरुवारी सकाळी दहा. इंग्रजी मशीन आण.' स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती, मामा खिडकीतून कोणाची पिशवी घेत होते. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली. मी तिथे उभी राहिले — किती वेळ? कंडक्टरने घंटी दिली तोवर. चिठ्ठी मुठीत होती. हात पुढे केला असता तर काय झालं असतं? ती आली असती, आणि जागा तिला मिळाली असती. एवढंच झालं असतं.

गाडी गेली. मी घरी आले.

गुरुवारी आम्ही तिघीच होतो. मुलाखतीत साहेबांनी मला नाव आणि गाव विचारलं, मग घड्याळ पाहिलं. बस्स.

सोमवारी झुबेदा मशीन घेऊन आली आणि शिपायाकडून कळलं तशी तडक आमच्या घरी आली. पत्र तिला शनिवारीही मिळालेलं नव्हतं. दारात उभी, गाठोडं कडेवर, घामाने भिजलेली. तिने आरोप केला नाही. नुसतं विचारलं, "तुला कळलं नाय काय गो?"

इथपर्यंत होता तो भित्रेपणा. पुढचं त्याहून वाईट आहे.

मी म्हणाले, "मी चिठ्ठी दिली होती मामांकडे."

क्षणभरही अडखळले नाही मी. ती खाली बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मग तू तरी काय करशील?"

महिन्याभराने बाजारात भेटली तेव्हा पुढचं तिनेच सांगितलं. तिने मामांना विचारलं होतं. मामा 'मला कोणी दिलीच नाही' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, ती पोर आलेली खरी, मी बघितली तिला, माझ्याकडनंच पडली असेल. दिवसाला दहा चिठ्ठ्या नेणारा माणूस, त्याला कसं आठवावं? त्यांनी गाडीतल्या सीटा उचकटून शोध घेतला होता. झुबेदाच्या वडिलांच्या पाया पडले होते. ऐकताना माझ्या पिशवीत नेमणुकीचा कागद होता. मी काय केलं असेल? तिला कागद दाखवला. "निदान तुला तरी मिळाली," ती म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली.

दोन वर्षं गेली. एकदा कचेरीतच, जेवणाच्या सुट्टीत, मी झुबेदाला पत्रात सगळं खरं लिहिलं. पाकिटात घातलं आणि संध्याकाळी स्टँडवर गेले. तीच गाडी, तेच मामा. मी पाकीट पुढे केलं. या वेळी केलं.

त्यांनी हात मागे घेतला. "नको बाय," म्हणाले. "मी आता चिठ्ठ्या नेत नाय. माज्याकडना हरवतात."

टपालाची पेटी स्टँडच्या दारातच होती. मी तिच्यासमोरून चालत घरी आले.