सोनीची गोधडी

जमनाबाई तापीकाठच्या त्या गावात नांदायला आली तेव्हाच नवऱ्याच्या, पितांबरच्या वावराचा कस गेलेला होता. ज्वारी गुडघ्याला लागून थांबायची. काही वर्षांनी शेतकी खात्याच्या माणसाने गावात खताचा खड्डा करून दाखवला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, गाडीच्या चाकाखाली चेंदायची, तिच्यावर शेणकाला, गोठ्यातली ओली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी मारत राहायचं.

"कुजेल ते काही वाया घालवू नका," तो म्हणाला.

पितांबरने ते मनावर घेतलं. जमनाबाईही पदर खोचून कामाला लागली. जाऊ धनुबाई हसायची, "लोके घर भरतस, तू खड्डा भरी ऱ्हायनी!"

त्या हिवाळ्यात त्यांची चार वर्षांची लेक सोनी तापाने गेली. मेलेल्याचं अंथरूण गावाबाहेर टाकायची रीत. पितांबर ते घेऊन निघाला. डोकं ठिकाणावर नव्हतं. रोजच्या सवयीने त्याने ते खड्ड्यात टाकलं, वर शेणकाला ओतला.

सकाळी राख टाकायला गेलेल्या जमनाबाईला सोनीच्या गोधडीचा लाल काठ दिसला. तिने त्यावर तळवा ठेवला. खड्डा तापला होता. खत कुजताना तापतंच, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आते याले हात लावू नको," ती पितांबरला म्हणाली.

त्याने रीतीप्रमाणे खत खालवर केलं नाही, नुसतं पाणी मारत राहिला. ती रोज खड्ड्याच्या काठावर जाऊन बसे.

ज्येष्ठ लागला. पितांबर चाचरत म्हणाला, "पानी येवाना पहिले खत वावरमा जावाले पाहिजे. अवंदा बी नही पिकनं त खासूत काय?"

"मीच काढसू."

ती खड्ड्यात उतरली. फावडं न घेता हातांनी उकरू लागली. काठ नाही, टाका नाही, चिंधी नाही. सगळीकडे सारखीच काळी, भुसभुशीत माती.

"कोठे शे ती?"

"सारामा मिसळी गयी," पितांबर खाली बघत म्हणाला.

मग ओंजळीतली माती तिने टोपलीत टाकली. "ने."

ज्वारी माणसापेक्षा उंच झाली. धनुबाईसुद्धा बांधावर उभी राहून बघून गेली. जमनाबाईने कणसं खुडली, दाणे दळले, घरादाराला भाकरी वाढली. स्वतः मात्र त्या ज्वारीचा तुकडाही तोंडात घातला नाही. ताक पिऊन निजायची. पितांबरच्या ते ध्यानात आलं. पुढच्या बाजारी त्याने बाजरी आणली आणि जात्याजवळ ठेवली.

ती दळता दळता जमनाबाई मोठ्याने रडली. सोनी गेल्यापासून पहिल्यांदाच.