गोळी पेठची की निफाडची

ललिताच्या नवऱ्याला, बुधाला, लहानपणापासून फिट यायची. भगत झाले, गंडेदोरे झाले, शेवटी गावाकडच्या, पेठच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या लागू पडल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन वर्षांत फिट आली नव्हती, कारण ललिता एक वेळ चुकू देत नव्हती.

छाटणीच्या दिवसांत दोघं निफाडकडे द्राक्षबागेत कामाला आली. गोळ्या संपत आल्या, मुकादम गावी सोडीना, मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देईना. मग ती जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. औषधाच्या खिडकीतल्या माणसानं वरचा शिक्का बघून कागद न उलगडताच परत सरकवला.

"पेठचा कागद आहे. पेठलाच घे."

"दादा, दोनच दिवसाच्या उरल्यात."

"चार दिवस नाही खाल्ल्या तर कोणी मरत नाही."

गोळ्या संपल्याच्या तिसऱ्या दिवशी बुधा बागेत कोसळला. डोकं वेलींच्या मांडवाच्या लोखंडी अँगलवर आपटलं. कुणीतरी हुंगवायला चप्पल आणली, ती ललितानं हातानं उडवली. त्याला कुशीवर वळवलं आणि झटके थांबेपर्यंत बसून राहिली. रडू आलं नाही. डोकं मात्र तापत गेलं.

सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या बुधाला तिनं त्याच खिडकीसमोर नेऊन बसवलं. मागे रांग खोळंबली.

"बाजूला हो," माणूस म्हणाला.

"नाय होत. चार दिवसात काय होतं ते ह्याच्याकडं बघून सांगा."

आवाज ऐकून डॉक्टर वैष्णवी बाहेर आल्या. त्यांनी कागद वाचला. "या गोळ्या आहेत ना आपल्याकडे?"

माणसानं पाठीमागचं कपाट उघडलं. आत दोन खोकी भरलेली होती. खुर्चीवरून न उठता हात पोचेल इतक्या जवळ.

"चुकलं आमचं," डॉक्टर म्हणाल्या.

"तुमचं नाय. ज्याचं चुकलं त्याला म्हणू द्या."

तो गोळ्या मोजत राहिला.

मुकादमानं बुधाला बागेवरून काढलं. उरलेली छाटणी ललितानं एकटीनं केली. त्या माणसाविरुद्धची तक्रार तिनं डॉक्टरांकडून लिहून घेतली आणि तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात दिली. दोनदा विचारून आली, उत्तर नाही. "गोळी मिळाली ना, सोड आता," बुधा म्हणतो. ललिता सोडत नाही. येत्या सोमवारी ती पुन्हा जाणार आहे.