जावयाचं डांगर

आमच्या धावड्यात माणसाची लायकी दोन ठिकाणी ठरते. एक पारावर, माणूस निघून गेल्यावर. दुसरी रखमाजी तात्यांच्या ओट्यावर, माणूस समोर बसलेला असताना. पारावरचा निकाल चहा पाजला की बदलतो. तात्यांचा बदलत नाही.

तात्यांनी सगळी नोकरी जालन्यात एका बियाणं कंपनीत काढली. काम एकच. पोत्यातले शंभर दाणे घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, ठरल्या दिवशी उलगडायचे आणि कोंब मोजायचे. कोंब भरले तर माल पास, नाही भरले तर पोती परत. मोठमोठे साहेब आपल्या बोटांकडं बघत उभे राहायचे, असं तात्या सांगतात. साहेब खरंच उभे राहायचे का, हे विचारायला आमच्यापैकी कुणी जालन्याला गेलेलं नाही, म्हणून ते खरं आहे.

निवृत्त होऊन गावी आले आणि ही सवय सोबत घेऊन आले. मे महिना लागला की आख्खं गाव घरचं सोयाबीन घेऊन त्यांच्या ओट्यावर. तात्या ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि मुदत भरली की सांगतात, पेरा किंवा खाऊन टाका. इथपर्यंत त्यांचे उपकारच. पण सोयाबीन संपलं की तात्या माणसं घेतात. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस त्यांच्या लेखी 'वरून रंग लावलेलं बोगस बी'. शाळेतले नवे गुरुजी पंचाहत्तर टक्के, 'पण ओल टिकली तरच'. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. माझे एकसष्ट. मी विचारले नव्हते.

मागं एकदा कांताबाईचं सोयाबीन त्यांनी नापास केलं. कांताबाई म्हणजे आमच्या आळीची खणखणीत बाई, पण त्या दिवशी तीही नरमली. "तात्या, अजून दोन दिस ठिवा की. यील वर." तात्या म्हणाले, "कांताबाई, बी म्हंजे माणूस न्हाई. त्याला मुदतवाढ नसती." कांताबाईला विकतचं बी आणावं लागलं, आणि तो खर्च ती आजही तात्यांच्या नावानं सांगते.

असा माणूस जावई पाहायला बसला की काय होणार? लेक एकुलती, शीतल. तिनं पसंत केलेला मुलगा कल्याण, जाफराबादकडचा. पुण्याकडं एका रोपवाटिकेत कामाला. तात्यांनी विचारलं की कल्याण आधी आढ्याकडं पाहायचा, मग खाली पाहायचा, मग उत्तर द्यायचा. उत्तर बरोबर असायचं, पण तात्यांना तोवर धीर नव्हता. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत निकाल लागला. "कवच जाड हाय. पाणी आत जात न्हाई. फेल."

शीतल पण त्यांचीच लेक. तिनंही निकाल दिला होता आणि तोही बदलला नाही. लग्न झालं. तात्यांनी अक्षता टाकल्या, जेवले, आणि जावयाशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून कल्याण बायकोला धावड्याच्या फाट्यावर सोडतो आणि मागच्या जीपनं परत जातो. शीतल एकटी बॅग ओढत घरी येते. उषाकाकू म्हणजे तात्यांच्या मंडळी. त्या दारातून लेकीच्या मागं पाहतात, कुणी येतंय का, आणि मग दार लोटून घेतात. हे पाहून मला तात्यांचा राग येतो. खरोखर येतो.

गेल्या अधिक महिन्यात तर हद्द झाली. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. ज्याला लेक दिली त्या जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे घालायचे, वर तुपाची धार, कापडं, जमलं तर अंगठी. आमच्या आळीत ज्या जावयाला सासरा एरवी शिव्या घालतो, त्यालाही त्या महिन्यात पाटावर बसवतात. तात्यांच्या घरी चूल पेटली ती साध्या वरणभाताला. उषाकाकू आमच्या घरी येऊन रडल्या आणि डोळे पुसून धोंडे वळू लागल्या, आमच्या जावयासाठी.

यंदा पुन्हा अधिक महिना आला, तो ऐन उन्हाळ्यात. त्याच्या तोंडावर शीतल आली आणि तिनं तात्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत पाच बिया. एकेक बी अंगठ्याच्या पेराएवढं, पांढरं, टणक.

"काय हाय हे?"

"डांगराच्या बिया, तात्या. बाहेरच्या देशातल्या. ह्यांच्या मालकाला कुणी दिल्त्या. एक-एक डांगर बैलाएवढं होतं म्हणं. हे म्हणले, मामांना बियांचा नाद हाय, त्यांना द्या."

लाल भोपळ्याला आम्ही डांगर म्हणतो आणि ते फार तर कडेवर घेण्याएवढं पाहिलेलं. शीतलनं मोबाइलवर फोटो दाखवला. एक गोरा माणूस डांगराला टेकून उभा आणि डांगर त्याच्या खांद्याला लागलेलं. कांताबाईनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे कापायचं कुणी? बाईनं डांगरावर पैला वार करायचा न्हाई म्हणत्यात, आन गड्यांना विळी धरता येत न्हाई." बाकीच्यांनी फोटो बनावट ठरवला.

तात्यांनी बी दातावर वाजवलं. हा जावयाचा मान होता की आव्हान, हे त्यांना ठरवता येईना. तेव्हा उषाकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा अट घातली.

"आवं, तुमी समद्याला बियावरून वळखता ना? मंग हे त्याचं बी हाय. उगवलं, तर धोंड्याला बोलवायचं त्याला. न्हाई उगवलं, तर मी ह्या जन्मात पुन्हा त्याला बोलवा म्हननार न्हाई."

तात्या अडकले. चाचणीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "पाच बियांची काय चाचणी होती का? शंभर लागत्यात," एवढं पुटपुटले आणि गोणपाट भिजवायला गेले. "पर निकाल निकाल राहीन. बिलकुल खोटं चालनार न्हाई."

शीतलची रजा संपली, ती परत गेली. ओट्यावर गोणपाट राहिलं आणि ऊन राहिलं. आमचा उन्हाळा म्हणजे चपलेतून चटका लागणारा. गोणपाट भिजवावं तर चहा होईपर्यंत वाळायचं. तात्यांनी ते ओट्यावरून माजघरात नेलं, तिथून कूलरसमोर. लाइट गेली की कूलर बंद. मग तात्या पुठ्ठा घेऊन गोणपाटाला वारा घालत बसायचे. उषाकाकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला कदी घातला न्हाई हो वारा." तात्या म्हणाले, "तुझी मुदत मोजायची न्हवती." असली उत्तरं हा माणूस तोंडावर देतो.

मुदतीच्या दिवशी आळीतले आठ-दहा जण जमले. गोणपाट उलगडलं. पाचही बिया जशा ठेवल्या तशा. ओल्या, पांढऱ्या आणि गप्प. उषाकाकूंनी हरभऱ्याची डाळ आदल्या दिवशीच निवडून ठेवली होती. त्यांनी ती डब्यात परत ओतली.

आता तात्या 'नापास' म्हणणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तात्या खाकरले. "ह्याच्यात एक प्रकार असतो. कठीण बी. ते मेलेलं नसतं, निस्ता पाणी घेत न्हाई. त्याला... त्याला जरा टाइम द्यावा लागतो."

कांताबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "काय म्हणले? मुदतवाढ का काय?"

"तुझं सोयाबीन येगळं होतं."

"व्हय, माझ्या सोयाबीनला जावई न्हवता."

लोक हसले. तात्या हसले नाहीत, पण त्यांनी बिया फेकल्याही नाहीत, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली. ज्या माणसानं कंपनीच्या मालकाला एक दिवस जास्त दिला नाही, तो पाच बियांसाठी नवा नियम काढतो म्हणजे काय? त्याला बिया उगवायला हव्या होत्या. जावयाला बोलवायचं होतं, पण स्वतःचा निकाल स्वतःच्या तोंडानं फिरवायची लाज होती. ते काम बियांनी करावं, अशी त्यांची इच्छा. बिया पण अशा, की त्यांना कुणाची भीड नाही.

मग जे चाललं ते बघवत नव्हतं. तात्यांनी कानस आणली आणि एकेका बियाची कड घासली, टोक सोडून, सोनार घासतो तशी. कोमट पाण्यात भिजवलं. शेवटी गोणपाट माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलं, कारण घरात तेवढीच जागा गार. येताजाता पाणी प्यायच्या निमित्तानं तिथं जायचे. एवढं पाणी कुणी पीत नाही. मी एकदा विचारलं, "काय तात्या, काही हालचाल?" तर म्हणाले, "तुम्ही तुमचं बघा." माझे एकसष्टचे साठ झाले असतील.

अधिक महिना अर्ध्याच्या पुढं गेला. घराघरात जावई येऊन ढेकर देऊन गेले. आणि एका सकाळी तात्यांनी वाळू उकरली. बिया मऊ पडल्या होत्या. बोटात धरली की आतलं पिवळट पाणी बाहेर. त्यात काही शंका घ्यायला जागा नव्हती. तीस वर्षं ज्यानं हेच पाहिलं त्याला तर नाहीच. त्यांनी गोणपाट तसंच गुंडाळून मोरीच्या कोपऱ्यात टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच दिवशी दुपारी, लोक झोपलेले असताना, रखमाजी तात्या कांताबाईच्या दारात उभे राहिले. हे मला कांताबाईनंच सांगितलं, आणि कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं, त्यामुळं गावात सगळ्यांना माहीत आहे.

"डांगराचं बी आसन का गं तुझ्याकडं? गावरान?"

"हाय की. कशाला पायजे?"

तात्या उत्तर शोधत आढ्याकडं पाहत राहिले. कांताबाईनं फार वेळ ताणलं नाही. तिलाही एक जावई आहे. तिनं शिंक्यावरच्या फडक्यातून चार बिया काढून दिल्या. फक्त एवढं म्हणाली, "उगवत्यात. मी काय तपासलेल्या न्हाईत."

गावरान बी. त्याला ना गोणपाट लागलं ना कानस. दह्याच्या रिकाम्या डब्यात माती घालून तात्यांनी ते माठाशेजारी ठेवलं आणि चार-पाच दिवसांत दोन जाड पानं टरफल डोक्यावर घेऊन वर आली. तात्यांनी घरात जाहीर केलं, "उगवलं." आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

उषाकाकूंनी डब्याकडं पाहिलं. मोरीतलं गोणपाट त्यांनी कधीच धुऊन वाळत घातलं होतं, म्हणजे आत काय होतं ते त्यांच्या हातानं काढलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि डाळ भिजत घातली.

फोन तात्यांनी स्वतः केला. आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. शीतलला नाही, सरळ कल्याणला लावला. चार वर्षांत जावयाशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं: "तुमचा नमुना पास झालेला हाय." मग म्हणाले, "रईवारी धोंडे हायेत. जल्दी निघा. फाट्यावर थांबू नका, घरी या."

रविवारी जोडी आली. कल्याणनं पाया पडून पहिलं विचारलं, "मामा, कुठं हाय?" तात्यांनी डबा पुढं केला. मला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, बहुतेक साक्षीदार म्हणून, आणि त्या क्षणी मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. ज्या पोराच्या हाताखालून दिवसाला हजारो रोपं जातात, त्याच्यापुढं हा माणूस गावठी डांगर विलायती म्हणून ठेवत होता.

कल्याण रोपाकडं वाकला. पान उलटं करून पाहिलं. आढ्याकडं पाहिलं, खाली पाहिलं. मग म्हणाला, "कमाल हाय मामा. आमच्याकडं मालकानं शेडमधी वीस लावल्त्या. एक उगवली न्हाई."

तात्यांनी डबा खाली ठेवला. उषाकाकूंनी पाट मांडले.

ताटात धोंडे आले. शीतल वाढत होती, काकू जावयाला ओवाळून डोळे पुसत होत्या. तात्या जावयाच्या शेजारच्या पाटावर बसले, पण घास घेईनात. कल्याणनं पहिला धोंडा फोडला. तेवढ्यात तात्या मान खाली घालून म्हणाले, "जावाईबापू, ते आपलं साधं डांगर हाय. तुमच्या बिया सडल्या."

माझा घास हातात राहिला. मी इतकी वर्षं या माणसाला ओळखतो, पण स्वतःविरुद्ध निकाल देताना त्याला कधी पाहिलं नव्हतं.

कल्याणच्या तोंडात पुरण होतं. त्यानं ते सावकाश खाल्लं, पाणी प्यायला.

"म्हाइत हाय मामा," तो म्हणाला. "तूप वाढा."

तात्यांनी तुपाचं भांडं उषाकाकूंच्या हातातून घेतलं आणि धोंडा बुडून ताटाच्या काठाशी तूप येईपर्यंत ओतत राहिले.